दुसरा नव्हे, बदली पासपोर्ट!

होस्टेलवर वादाला विषय शोधावा लागत नाही. मेसची आमटी, विराट की रोहित, एमपीएससी की प्लेसमेंट... रात्री अकरानंतर कुणीतरी एक विषय टाकायचा आणि बाकीच्यांनी जर्नल बाजूला सारून बसायचं. पण या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर लागोपाठ तीन रात्री जो विषय चालला तो वेगळाच होता. विषय होता पासपोर्ट. तोही आपला नाही, पोर्तुगालचा!

त्याचं असं आहे. माझा रूम पार्टनर सिंधुदुर्गातला, दोडामार्गकडचा. त्याच्या आईचं माहेर गोव्यात, पेडण्याला. आईचे वडील १९४८ साली तिथेच जन्मले, म्हणजे गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना. मामाने आजोबांच्या या जन्मावरून पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि तो आता आयर्लंडमध्ये कामाला आहे. सध्या आईची नोंदणी चालू आहे, आणि आईवरून मुलाचीही होईल असं एजंटने सांगितलंय. मुलगा वीस वर्षांचा, त्यामुळे फॉर्मवर सही त्याचीच लागणार. ती करायची की नाही, एवढाच प्रश्न.

या एवढ्याशा प्रश्नावर मजल्याचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, "येड्या, अख्खा युरोप उघडा होतोय, असा चान्स सोडतात का?" दुसरा म्हणतो, "हा सरळ सरळ देशद्रोह आहे." मला विचाराल तर दोन्ही पक्ष चुकतायत. दोघांनीही हा विषय नीट वाचलेला नाही. मी वाचला, बराच वाचला (त्या नादात एक सबमिशन लेट झालं, असो), आणि म्हणून हा लेख.

आधी आमच्या गावाकडचं सांगतो. मी मंद्रूपचा. सोलापूरहून विजापूर रोडला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर मंद्रूप. तसंच पुढे गेलं की टाकळीजवळ भीमा लागते, आणि पूल ओलांडला की धूळखेड, कर्नाटक. आमच्याकडे अर्धी सोयरीक नदीच्या पलीकडे असते. घरात मराठी, बाजारात कानडी, रागावताना दोन्ही! माझे आजोबा जन्मले तेव्हा सोलापूर आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि सोलापूर इकडे राहिलं. आजोबांची थोरली बहीण इंडी तालुक्यात दिलेली. ना ती हलली ना आजोबा हलले, पण दोघांची राज्यं वेगळी झाली. तेव्हा माणूस जागेवर बसलेला असताना त्याच्या पायाखालून हद्द सरकते ही गोष्ट आम्हाला पुस्तकात वाचावी लागत नाही.

आणि आई-बापाच्या कागदावरून मुलाचं ठिकाण ठरतं, हेही नवीन नाही. कॅप राऊंडला आपण सगळ्यांनी 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' असं लांबलचक नाव असलेलं प्रमाणपत्र जोडलंय. आपण त्याला नुसतं डोमिसाईल म्हणतो आणि मधला 'राष्ट्रीयत्व' हा शब्द कुणी वाचतही नाही. माझा मावसभाऊ विजापूरला मामाकडे राहून दहावी-बारावी शिकला. पण वडिलांचं डोमिसाईल महाराष्ट्राचं, म्हणून त्याला टाईप बी मधून इथे फॉर्म भरता आला. त्याला कुणी कर्नाटकद्रोही म्हणालं नाही. बापाच्या कागदाने जे मिळत होतं ते त्याने घेतलं. फरक एवढाच, की त्यासाठी त्याला काही सोडावं लागलं नाही. आमच्या रूम पार्टनरला सोडावं लागणार आहे. सगळा घोळ तिथेच आहे.

आता थोडा इतिहास. तो दहावीच्या पुस्तकात १९६१ ला संपतो, पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये, आणि भारतीय सैन्याने गोवा, दमण, दीव मुक्त केले १९ डिसेंबर १९६१ ला. दुसऱ्या दिवसापासून तिथली माणसं कोण? भारत सरकारने २८ मार्च १९६२ ला आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः त्या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याचे आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी कुणी तिथे जन्मलं, तो त्या तारखेपासून भारताचा नागरिक मानला जाईल. ज्याला आपलं जुनं नागरिकत्वच ठेवायचं असेल त्याने एका महिन्यात तसं लिहून द्यावं. फक्त एक महिना! बहुतेकांनी काही लिहून दिलं नाही आणि ते भारतीय झाले. माझ्या मित्राचे आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते. त्यांना हे सगळं कळलं तरी असेल का, शंका आहे.

तिकडे पोर्तुगालने मात्र गोवा गेला हेच मान्य केलं नव्हतं. एप्रिल १९७४ मध्ये तिथे क्रांती झाली, हुकूमशाही पडली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत झालेल्या करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरची भारताची सत्ता मान्य केली. जमीन भारताची हे मान्य झालं. पण तिथे जन्मलेली माणसं आपली नाहीत, असं काही पोर्तुगाल म्हणाला नाही. त्यांच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे पोर्तुगीज आई किंवा बापाचं मूल परदेशात जन्मलं तरी त्याची नोंद पोर्तुगीज दप्तरात झाली की ते पोर्तुगीज, आणि तेही जन्मापासून. म्हणजे एकाच माणसावर दोन देशांचा हक्क. पोर्तुगालच्या लेखी माझ्या मित्राचे आजोबा कायमच त्यांचे, भारताच्या लेखी १९६१ पासून आपले. आणि त्या बिचाऱ्यांनी तर पेडण्याच्या बाहेर पाऊलही टाकलेलं नाही!

ही नोंदणी कशी होते ते आपल्या भाषेत सांगायचं तर सिरीज सर्किट आहे. आधी आजोबांच्या पोर्तुगीजकालीन जन्मनोंदीची नक्कल गोव्यातून काढायची. ती लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवायची. मग आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद. मग आईचा जन्म. मग आईचं लग्न. मग मुलाचा जन्म. मधला एक जोड सुटला की करंट बंद! आणि जोड सुटतातच. कारण जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आणि नावं पोर्तुगीज वळणाची. कामतांचं तिथे 'कामोतिम' असतं, शेणव्यांचं 'सिनाय'. आजच्या आधार कार्डावरचं नाव आणि त्या चोपडीतलं नाव एकाच माणसाचं आहे हे सिद्ध करण्यातच महिनोन् महिने जातात. म्हणून एजंटांचं फावतं आणि आकडा लाखात जातो. आणि हो, हे फक्त ख्रिश्चन लोक करतात असा जो समज आहे तो चुकीचा आहे. पोर्तुगीज कायद्याला जन्माची जागा आणि तारीख हवी, धर्म नको. माझा मित्र दर गणपतीला दशावतार बघायला गावी पळणारा माणूस आहे.

इथपर्यंत सगळं ठीक. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात. एजंट हेच तर सांगतो, "काही सोडायला लागत नाही, हा नुसता दुसरा पासपोर्ट." आणि इथेच तो अर्धं सांगतो. पोर्तुगाल सोडायला सांगत नाही हे खरं, पण भारत सांगतो!

आपल्या राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ (दोन्हीकडे नऊच, लक्षात ठेवायला सोपं) काय म्हणतं? जो भारतीय आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतो, तो भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी कुणी येऊन काढून घ्यावं लागत नाही, ते आपोआप जातं. आणि आपखुशीने घेतलं हे कशावरून? नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहिलंय की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला हाच त्याचा निर्णायक पुरावा. 'मला माहीत नव्हतं', 'घरच्यांनी काढला', 'वापरला नाही' ही कारणं पुढे चालत नाहीत. सुप्रीम कोर्टाने हा नियम १९६२ मध्येच वैध ठरवलाय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की आपण शब्दच चुकीचा वापरतोय. भारतीय माणसाला 'दुसरा पासपोर्ट' नावाची गोष्टच नाही. आहे तो बदली पासपोर्ट. क्रिकेटमध्ये बदली खेळाडू आत येतो तेव्हा एकजण बाहेर जातो. बारावा मैदानात उतरला आणि अकराही तिथेच राहिले असं होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे घरी सांगत बसलो होतो, तर आमच्या आईने एका वाक्यात विषय संपवला. म्हणाली, "म्हंजे रेशनकार्डासारखंच की. लग्न झाल्यावर माझं नाव माहेरच्या कार्डातनं कमी केल्याचा दाखला आणला, मगच इथल्या कार्डात चढलं." एकदम बरोबर! परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करून जे सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तो हाच 'नाव कमी केल्याचा दाखला'. फरक असा, की नाव दोन कार्डांत राहिलं तर फार तर धान्य बंद होईल. नागरिक नसताना ती गोष्ट लपवून भारतीय पासपोर्ट घेतला तर तो पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. आणि हा दाखला वेळेत घेतला नाही, उलट सरकारनेच पासपोर्ट रद्द केला, तर पुढे ओसीआय कार्डाचं काय होणार यावरून २०२४ मध्ये गोव्यात मोठा गोंधळ झाला. 'दोन्ही ठेवू, बघू पुढचं पुढे' म्हणणाऱ्यांना तो चांगलाच महागात पडला.

आता कुणी म्हणेल, ओसीआय आहे ना! ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. नावात सिटिझन आहे, पण माणूस नागरिक नाही. ही योजना २००५ मध्ये आली. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, राहता येतं, खाजगी नोकरी करता येते. पण मतदान नाही. निवडणूक लढवता येत नाही. एरवी सरकारी नोकरी नाही. शेतजमीन वारसाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. मित्राच्या घरची काजूची बाग आहे, शेजारचा तुकडा घ्यायचं त्याच्या वडिलांचं स्वप्न आहे. तो तुकडा उद्या पोराच्या नावावर घेता येणार नाही.

आणि आपण इंजिनिअर आहोत. तिसऱ्या वर्षाला अर्धा वर्ग गेटचा क्लास लावतो तो कशासाठी? पीएसयूसाठी. त्या जाहिरातीत वयाच्या आणि टक्क्यांच्या बरोबरीने अट असते, उमेदवार भारतीय नागरिक असावा. इस्रो, डीआरडीओ, बीएआरसी, सगळीकडे तेच. माझ्या मित्राच्या टेबलावर गेटची पुस्तकं आहेत आणि ड्रॉवरमध्ये पोर्तुगालचा फॉर्म. या दोन्ही गोष्टी एकमेकींना कॅन्सल करतात हे त्याला एजंटने सांगितलं नव्हतं. त्याची धाकटी बहीण यंदा जेईई देणार आहे. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय कार्डधारकांना फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर प्रवेश मिळत नाही, त्यांना एनआरआयसारखं धरलं जातं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांच्याकडे त्या तारखेच्या आधी कार्ड होतं त्यांना हे लागू नाही. पण तिचं कार्ड निघालंच तर आता निघणार. म्हणजे तिला ते लागू. घरात कुणी तिच्या बाजूने हा हिशेब केलाच नव्हता.

हे झालं 'चान्स'वाल्या पक्षाला. त्यांना अजून एक सांगायचंय. या पासपोर्टची किंमत पोर्तुगालमुळे कमी आणि युरोपमुळे जास्त आहे. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, पुढे त्याच्या नागरिकांना युरोपात कुठेही काम करायची मुभा मिळाली, आणि गोव्याची माणसं लिस्बनला न थांबता इंग्लंडला गेली. स्विंडन आणि साऊथॉलला गोवेकरांच्या वस्त्या झाल्या त्या अशा. मग २३ जून २०१६ ला ब्रिटनने मतदान करून युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. ३१ डिसेंबर २०२० ला ती मुभा संपली. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना अर्ज करून राहता आलं, पण नंतर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेल्याला ब्रिटनमध्ये काम करायला व्हिसा लागतो. आयर्लंड, जर्मनी वगैरे अजून खुले आहेत. पण मुद्दा असा, की ज्या गोष्टीसाठी तुम्ही कायमचं काही सोडता, ती गोष्ट दुसऱ्यांच्या मतदानाने एका दिवसात बदलू शकते. आणि त्या मतदानात तुम्हाला कुणी विचारत नाही.

आता दुसरा पक्ष, 'देशद्रोह'वाला. यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्ल्या. त्यात आपल्या महाराष्ट्रातून गेलेली माणसं होती. आणि तुम्ही त्याच पोर्तुगालच्या दारात लाईन लावता?" ऐकून सगळे गप्प बसले. मीही बसलो. पत्रादेवी मित्राच्या आजोळाच्याच तालुक्यात आहे, तिथलं स्मारक त्याने लहानपणापासून पाहिलंय. त्याला ते लागलं.

पण नंतर मी विचार केला. त्या सत्याग्रहींना गोळ्या घालणारं सरकार आणि आजचं पोर्तुगाल एक नाही. ते हुकूमशाही सरकार १९७४ मध्ये त्यांच्याच लोकांनी पाडलं. आणि दुसरं, जरा कडू आहे पण सांगतो. माजी विद्यार्थी मेळाव्यात आपण ज्यांना शाल-श्रीफळ देतो, पहिल्या रांगेत बसवतो, त्यातले कितीतरी अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांनी तिथे शपथ घेताना आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडल्याचं तोंडाने म्हटलेलं असतं. त्यांना आपण देशद्रोही म्हणतो का? उलट 'आपला माणूस तिकडे मोठा झाला' म्हणून टाळ्या वाजवतो. मग एच-वन-बी वरून गेलेला इंजिनिअर अभिमानाचा आणि आईच्या कागदावरून गोदामात काम करायला गेलेला गद्दार, हा कुठला न्याय? दोघंही पोटासाठीच गेले. आमच्या मंद्रूपची पोरं चाकणला जातात, दुबईला जातात, तेही पोटासाठीच. गावात काम असतं तर कोण कशाला आजोबांच्या जन्माच्या चोपड्या धुंडाळत बसेल!

म्हणजे सही करणं हा द्रोह नाही. पण ती 'फ्री'ही नाही. आपण काहीतरी देऊन काहीतरी घेतो, तो व्यवहार आहे, आणि व्यवहार उघड्या डोळ्यांनी आणि उघडपणे करावा. १९६२ च्या त्या एका महिन्यात ज्यांनी पोर्तुगीज राहायचं लिहून दिलं, त्यांच्यात रेमेदियोस मोंतेरो नावाचे एक धर्मगुरू होते. गोवेकर, गोव्यातच राहणारे. लिहून दिल्यामुळे ते गोव्यातच परदेशी ठरले, राहण्याचा परवाना घ्यावा लागला. परवान्याची मुदत संपल्यावर त्यांनी तो वाढवून घेतला नाही, खटला झाला, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची शिक्षा कायम ठेवली. त्यांचं म्हणणं पटो न पटो, पण त्यांनी जे केलं ते नावानिशी, उघड केलं आणि त्याची किंमत मोजली. आज खिशात दोन पासपोर्ट ठेवून एका विमानतळावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा दाखवणाऱ्यापेक्षा मला ते धर्मगुरू जास्त प्रामाणिक वाटतात. दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहणाऱ्याची शेवटी फजितीच होते.

आता सरकारलाही दोन शब्द. (आपल्या मासिकाचा अंक दिल्लीला जात नाही हे मला माहीत आहे, तरी पण.) पासपोर्ट घेतला तर कायदा स्पष्ट आहे. पण ज्यांची नुसती जन्मनोंद लिस्बनला चढली आहे, पासपोर्ट घेतलेला नाही, त्यांचं काय? पोर्तुगाल म्हणतो, नोंद झाली की तू आमचा. भारतात मात्र अशा माणसाने 'नागरिकत्व घेतलं' असं म्हणायचं की नाही यावर वाद उभा राहतो, आणि तसा वाद आला की निर्णय केंद्र सरकारकडे जातो. यातल्या कित्येकांची नोंद ते लहान असताना आई-बापांनी केलेली असते. पोराला कळायला लागेपर्यंत त्याचं नाव दोन दप्तरांत गेलेलं असतं.

आपल्या कायद्यात अशा पोरांचा विचार करायची पद्धत आहेच. आई किंवा बापाने कलम ८ खाली रीतसर भारतीय नागरिकत्व सोडलं तर त्यांच्या अल्पवयीन मुलाचंही जातं. पण अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत त्याने लिहून दिलं तर ते परत मिळतं. म्हणजे पोराला स्वतःचं डोकं चालवायला एक वर्ष दिलेलं आहे. तसंच काहीतरी या १९६१ च्या नातवंडांसाठी करावं. नुसती नोंदणी झाली आहे, पासपोर्ट घेतलेला नाही, अशांना एक ठराविक मुदत द्यावी आणि 'मी भारतीयच राहतो' असं लिहून घेऊन विषय संपवावा. १९६२ मध्ये एक महिना दिला होता तो पोर्तुगीज राहण्यासाठी. आता तेवढीच संधी भारतीय राहण्यासाठी द्या! यात दुहेरी नागरिकत्वाची मागणी नाही. मोठा देश आहे, शेजार अवघड आहे, दुहेरी नागरिकत्व द्यायचं की नाही हे संसदेने सावकाश ठरवावं. पण ज्याला इथेच राहायचंय त्याला संशयात ठेवून कुणाचं भलं होत नाही.

आणखी एक गोष्ट वाचताना सापडली, ती मुलींनी आणि सरांनीही वाचावी. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला आईच्या भारतीयत्वावरून नागरिकत्व मिळण्याची सोय आपल्या कायद्यात १० डिसेंबर १९९२ ला आली. तोपर्यंत फक्त बाप भारतीय असावा लागे, आईचं भारतीय असणं हिशेबातच नव्हतं! आज माझा मित्र आईच्या कागदावर उभा आहे आणि मजल्यावर काहीजण हसून म्हणतात, "आईकडून कुठं नागरिकत्व येतं का?" येतं. यायलाच पाहिजे. उशिरा का होईना, आपल्या कायद्यानेही ते मान्य केलंय.

शेवटी, ज्यांच्या घरात असा कागद आहे (आणि आपल्या कॉलेजात कोकणातली, गोव्याच्या हद्दीवरची पोरं बरीच आहेत) त्यांना मित्र म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, एजंटचं ऐकण्याआधी नागरिकत्व कायद्याची कलमं ८ आणि ९ वाचा. इंटरनेटवर फुकट आहेत आणि आपल्या थर्मोडायनामिक्सपेक्षा खूप सोपी आहेत. पोर्तुगालचे नियमही अलीकडे बदलतायत, म्हणून मामाच्या वेळी काय झालं यावर जाऊ नका, आज काय आहे ते बघा. दुसरी, एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे काय मिळणार, उजवीकडे काय जाणार. मत, सरकारी नोकरी, शेतजमीन, भावंडांचा प्रवेश, सगळं लिहा. मग सही करायची ती करा, नाही करायची तर नका करू. तिसरी, केलीच तर भारतीय पासपोर्ट लगेच जमा करून दाखला घ्या. लपवाछपवी नको.

आणि ज्यांच्या घरात असा कागद नाही, त्यांना एकच सांगणं. जो विचार करतोय त्याला करू द्या. त्याच्या दारावर खडूने 'फिरंगी' लिहिणं ही काही देशभक्ती नाही. (कुणी लिहिलं ते मला माहीत आहे. पुसून टाकलंय.)

मित्राने अजून सही केलेली नाही. रकाने पाडलेत, उजवीकडचा रकाना वाढतोय. बहिणीचा फॉर्म तूर्त भरायचा नाही, हे मात्र त्याने फोन करून आईला सांगितलं. स्वतःचं तो गेटच्या निकालानंतर ठरवणार आहे. तो काय ठरवेल ते मी सांगू शकत नाही आणि ते ठरवणं माझं कामही नाही. मला एवढंच वाटतं, की देश आपल्याला आई-बापांकडून आयता मिळतो. तो ठेवायचा की बदलायचा हे मात्र प्रत्येकाने स्वतः, शुद्धीत राहून ठरवावं. एजंटच्या सांगण्यावरून नको आणि मजल्यावरच्या टोमण्यांवरूनही नको.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर)